त्याच्या नावाचं मीटर

पार्किंगवरून वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी आमच्या सोसायटीतली माणसं माझ्या विरोधात मात्र दहा मिनिटांत एक झाली. मी उसावर औषध फवारायचा ड्रोन चालवतो. त्याच्या सहा बॅटऱ्या आहेत, एकेक गव्हाच्या पिशवीएवढी जड, आणि त्या मी घरच्या बाल्कनीत चार्ज करायचो. कुणाच्या तरी मोबाइलवर अशी बॅटरी पेटल्याचा व्हिडिओ आला, तो सोसायटीच्या ग्रुपवर फिरला आणि फिरत फिरत माझ्या दारात आला. सभेत मी आवाज चढवून बोललो. त्यामुळे जे दोघे माझ्या बाजूने होते तेही तिकडे गेले. माझा स्वभावच तसा आहे. फौंड्रीतली सुपरवायझरची नोकरीही मी अशीच तोंडाने घालवली होती.

शेतात जनरेटर नेऊन चार्ज करता येतं. पण फवारणीचा हंगाम पावसाळ्यात, आणि एकदा बांधावर चार्जर भिजून कायमचा बसला, तेव्हापासून मी त्या वाटेला जात नाही. मला एक कोरडी जागा आणि दमदार लाइट हवी होती. शोधता शोधता उचगावात एक गाळा सापडला.

गाळ्याची मालकीण सत्तरीच्या घरातली, काटक, मोठ्या आवाजाची. तिचं घर गाळ्याला लागून मागच्या अंगाला. मी तिला मावशी म्हणायला लागलो आणि ती मला शेवटपर्यंत पावणंच म्हणत राहिली. तिने शटर वर ढकललं तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील, आणि आत पिवळा बल्ब चालू होता. फुकट लाइट जळताना दिसली की माझा हात आपोआप बटणाकडे जातो. तिने मधेच माझं मनगट धरलं.

"ह्यो एक बल्ब तेवढा बंद करायचा न्हाई, पावणं. बाकी गाळा तुमचा," ती म्हणाली.

म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी असतं, असं म्हणून मी सोडून दिलं. मागच्या फळीवर सात-आठ जुने मिक्सर, दोन इस्त्र्या आणि एक टेबलफॅन होता. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. कागल, जार गळतो. कोडोली, आवाज करतो. एका इस्त्रीवर नुसतं 'झाली' असं लिहिलेलं. हे सामान हलवू का, असं विचारलं तर ती म्हणाली, राहू दे, कुणी न्यायला आलं तर असावं. त्या सामानावर धूळ नव्हती. ही गोष्ट तेव्हा माझ्या डोळ्यांनी पाहिली, डोक्यात शिरली नाही.

पहिल्याच दिवशी मी चार्जर लावला. दोन मिनिटं पंखा घरघरला, भिंतीतून जळका वास आला, फाट्‌ असा आवाज झाला आणि बल्ब गेला.

मला चार्जरची काळजी. मी तो खाली ठेवून हुंगत होतो. मागे वळून बघितलं तर मावशी दारात उभी. पिठाने भरलेले हात तसेच. ती वळून घरात गेली, देव्हाऱ्यातली पेटती समई पदराच्या आडोशाने घेऊन आली आणि बल्बच्या बरोबर खाली जमिनीवर ठेवली. मग ती समईजवळ बसून राहिली. वायरमन येऊन फ्यूज बांधून बल्ब पुन्हा पेटेपर्यंत, म्हणजे तास-दीड तास, ती उठली नाही. मला त्या वेळी रागच आला होता. एका बल्बसाठी एवढं काय, असं वाटलं. ते तोंडातून बाहेर पडलं नाही, हे त्या दिवशीचं माझं नशीब.

वायरमनने जे सांगितलं ते सरळ होतं. या मीटरला एक पंखा, एक दिवा, एक इस्त्री एवढाच भार मंजूर आहे. माझा एकटा चार्जर त्याच्या कितीतरी पट खातो. भार वाढवून घ्यावा लागेल, त्यासाठी ज्याच्या नावावर मीटर आहे त्याचा अर्ज लागेल. मी मावशीला म्हणालो, करा अर्ज. ती म्हणाली, मीटर तिच्या नावावर नाही, मुलाच्या नावावर आहे. मग मुलाला बोलवा, असं मी म्हणालो. वायरमन उचगावचाच. तो चपला घालायच्या निमित्ताने बाहेर गेला.

तेव्हा तिने पायरीवर बसून सांगितलं. मुलगा गाळ्यात मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायचा. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी दुरुस्त केलेला पंखा पोचवायला म्हणून मोटरसायकलवरून कागलला निघाला. बल्ब चालू, शटर अर्धं खाली, आणि मागच्या घराकडे बघून "आई, येतो गं," अशी हाक. हायवेवरच गेला. पंखा तेवढा शाबूत परत आला, हे तिने दोनदा सांगितलं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाडावर बसून नुसता बघायचा. मामाने सांगून बघितलं, आईला सांभाळतो. चुलत्याने सांगितलं, बहिणीच्या पोरांचं बघतो. ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाचा कावळा करू या म्हणाले. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून मावशी उठली आणि पिंडापुढे जाऊन म्हणाली, तुझा दिवा तू ठेवलास तसा चालू ठेवतो, तुझं दुकान तुझ्याच नावावर ऱ्हाईल. तेवढं म्हणायचा अवकाश, कावळा खाली आला.

नाव बदलून घेतल्याशिवाय भार वाढणार नव्हता, आणि नाव ती बदलणार नव्हती. मी त्या दिवशी बॅटऱ्या गाडीत घालून परत आलो. पुढचे पंधरा दिवस कोडोलीला आत्तेभावाच्या घरी चार्ज करत राहिलो. जायला-यायला दोन तास, आणि आत्तेभावाच्या बायकोचं तोंड रोज थोडं जास्त वाकडं. दोन गावांनी मला टाळून दुसऱ्याला बोलावलं. हंगाम तीन महिन्यांचा, त्यातला अर्धा महिना असा गेला. हे सांगतोय ते माझी बाजू मांडायला नव्हे. त्या पंधरा दिवसांत मी काय विचार करत होतो ते कळावं, एवढंच.

विचार असा होता, की आता अर्ज मोबाइलवर होतो. ग्राहक क्रमांक घाला, फोन नंबर घाला, सहीचा फोटो चढवा. ग्राहक जिवंत आहे का, असं त्यात कुठेच विचारलेलं नाही.

मी मावशीकडे गेलो आणि सांगितलं, नाव न बदलता काम होतं. तिने एकच विचारलं. "नाव त्येच ऱ्हानार न्हवं?" मी म्हणालो, तेच राहणार. तिने लाइट बिलांची पिशवी माझ्या हातात दिली. आपण म्हातारीवर उपकार करतोय, असं मला मनापासून वाटत होतं.

गाळ्यात एक जुनं पावतीपुस्तक होतं, त्यात त्याची सही होती. पहिलं अक्षर मोठं, मग एक लपेट, आणि शेवटी रेघ मागे येऊन नावाखालून जाणारी. मी बॅटरीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ती गिरवली. पाच-सहा वेळा जमली नाही. मग एकदम जमली, आणि जमली तेव्हा अंगावर काटा आला. बल्ब डोक्यावर होता, फळीवरचे मिक्सर चिठ्ठ्या लावून बसले होते, आणि माझ्या हातातून दुसऱ्याचा हात चालला होता. मी फोटो काढला आणि पुठ्ठा फाडून टाकला. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं.

त्यानंतर मला मेसेज यायला लागले. प्रिय ग्राहक, आणि पुढे त्याचं पूर्ण नाव. आपला अर्ज मिळाला. आपला अर्ज तपासणीसाठी पाठवला आहे. कधी उसात उभा असताना यायचे, कधी जेवताना. बायकोने एकदा वाचून विचारलं, हे कोण? मी म्हणालो, गाळामालक. खोटं नव्हतं ते.

मग एका दुपारी फोन आला. मी गाळ्यात होतो, मावशी दारात कोथिंबीर निवडत होती. लाइटच्या ऑफिसातून एक मुलगी बोलत होती. तिने त्याचं नाव घेऊन विचारलं, आपणच बोलताय ना? गाळ्यात घुमतं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला होता. मावशीचा हात थांबला.

मी म्हणालो, "हो, बोलतोय."

मुलीने अर्जाबद्दल तीन-चार प्रश्न विचारले. पत्ता बरोबर आहे का? भार कशासाठी वाढवताय? मी त्याच्याच नावाने सगळी उत्तरं दिली. फोन ठेवून वर पाहिलं तर मावशी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. कुणीतरी लांबून येताना दिसावं आणि ओळखू येऊ नये, तसं. मग ती कोथिंबीर उचलून घरात गेली. थोड्या वेळाने चहा आला. त्याआधी मला चहा स्टीलच्या पेल्यात यायचा. त्या दिवशी निळ्या फुलांच्या कपात आला. कान तुटून पुन्हा नीट चिकटवलेला, चिकटवणाऱ्याचा हात चांगला होता.

लाइट आली. जाड वायर, नवा बोर्ड, नवं मीटर. सहाच्या सहा बॅटऱ्या आळीपाळीने भरायला लागल्या, आणि माझा हंगाम रुळावर आला. मी खूष असायला हवं होतं.

पण त्या गाळ्यात मी एकटा नसायचो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. तरी चार्जर लावून पाठ फिरवली, की मागे कुणीतरी काम थांबवून माझं आवरायची वाट बघतंय असं वाटायचं. मी फळीकडे पाठ करून बसायचं सोडून दिलं. नंतर फळीकडे तोंड करून बसायचंही जमेना. बँकेत चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. काउंटरवरच्या बाईने दाखवलं, तर माझ्या नावाखालून मागे जाणारी एक रेघ होती. मी तशी रेघ आयुष्यात कधी ओढली नव्हती. तिथे उभं राहून मी चार वेळा सही केली, चारही वेळा ती रेघ आली. पाचव्या वेळी डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवलं.

आणि मावशी बदलत गेली. आधी ती मी गेल्या-आल्याची दखल घ्यायची नाही. आता संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला दारात यायची, आत यायची नाही. चार्जरचे हिरवे दिवे बघत उभी राहायची. भाकरी बांधून द्यायची. मी निघताना "जातो मावशी," म्हणायचो, फौंड्रीतली सवय. तिने एकदा टोकलं, जातो म्हणू नये, येतो म्हणावं. लहानपणी आईने शिकवलेलंच होतं ते. मी म्हणायला लागलो, येतो. ती मान हलवायची आणि मी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत बघायची. गाडीच्या आरशात दिसायचं मला.

एकदा पन्हाळ्याकडच्या बाजूला काम होतं. "येतो मावशी," म्हणून दुपारी निघालो. काम लांबलं, पाऊस लागला, ओढ्याला पाणी आलं. मी कोडोलीलाच मुक्काम केला. घरी फोन केला. मावशीला करायचं मनातसुद्धा आलं नाही. तिला मी काय म्हणून फोन करणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास उचगावला आलो. शटर अर्धं वर होतं, आत बल्ब. मावशी पायरीवर बसलेली, शेजारी फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. मुंग्या लागल्या होत्या त्यांना. तिची साडी कालचीच होती आणि पदर ओला होता. मला बघून ती उठायला गेली, तर पायांत मुंग्या आलेल्या, उठता येईना.

"येतो म्हनून गेलतासा," ती म्हणाली.

त्या पायरीवर काल संध्याकाळपासून कोण कुणाची वाट बघत बसलं होतं, ते मला एका क्षणात कळलं, आणि ते मी केलं होतं. सहा बॅटऱ्यांसाठी. मी तिच्या समोर चिखलातच उकिडवा बसलो. सोसायटीच्या सभेत चढणारा माझा आवाज त्या वेळी कुठे गेला होता कोण जाणे.

"मावशी, माझी अशी वाट बघू नका," मी म्हणालो. "मी तो नाही. तो गेला. फोनवर मी खोटं बोललो."

ती रडेल, शिव्या देईल, गाळा खाली कर म्हणेल, असं काहीही मी धरून चाललो होतो. तिने भाकऱ्यांवरच्या मुंग्या झटकल्या.

"मला ठावं हाय की," ती म्हणाली. "दहाव्याला मीच उभा हुतो. येडी न्हाई झालो मी, पावणं. पन आठ वर्सं दिवा ठेवला तरी मी वाट कधी बघितली न्हवती. दिवा त्याच्यासाठी हुता, माझ्यासाठी न्हवं. तुमी त्याच्या नावाला व्हय म्हटलासा, आनि त्या दिवसापास्नं मी वाट बघाय लागलो. भाकरी दोन करायच्या तिथं चार करतो. मला झेपत न्हाई आता."

मी खांदा पुढे केला. त्यावर भार देऊन ती उठली आणि घरात गेली. परत आली ती प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला मृत्यूचा दाखला घेऊन. त्या पिशवीत त्याचा दुरुस्तीचा टेस्टरही होता, तो तिने काढून कनवटीला लावला आणि दाखला मला दिला. मीटर तिच्या नावावर करून घ्या म्हणाली. मी विचारलं, आणि पिंडापुढे जे बोललात त्याचं काय? कावळा?

"कावळा रोजच येतोय पत्र्यावर," ती म्हणाली. "त्याला भाकरी पायजे असती."

अर्ज मी त्याच दिवशी भरला. या वेळी तिने स्वतः सही केली. सावकाश, ओठ दाबून, प्रत्येक अक्षर वेगळं.

आठवडाभराने फोन आला. तोच नंबर. अर्जाला दाखला जोडला होता, पण तो न बघताच कुणीतरी मीटरवर नोंदलेल्या नंबरला, म्हणजे मला, फोन लावला होता. पाऊस होता, मावशी गाळ्याच्या आत, शटरच्या कडेला पाट टाकून बसली होती. मी फोनकडे बघत राहिलो तर ती म्हणाली, घ्या की. आवाज मोठा करा म्हणाली.

तीच मुलगी होती का माहीत नाही, आवाज तसाच गोड. तिने त्याचं नाव घेतलं, म्हणाली, सर, आपल्या मीटरवरचं नाव बदलण्याचा अर्ज आमच्याकडे आलाय, आपली त्याला संमती आहे ना? आपणच बोलताय ना?

हो म्हटलं असतं तर काम तिथेच झालं असतं. नाही म्हटलं, की आधीच्या अर्जाचं काय, सही कुणाची, सगळं निघणार होतं. ही भीती मला होती, नव्हती असं म्हणणार नाही. पण त्याहून जास्त भीती मावशीच्या कानांची होती. तिने पदर कानामागे घेतला होता, नीट ऐकू यावं म्हणून.

"नाही," मी म्हणालो. "ते वारले. आठ वर्षं झाली."

मुलगी म्हणाली, पण मागच्या वेळी आपणच हो म्हणाला होतात. मी म्हणालो, मीच म्हणालो होतो, मी त्यांचा भाडेकरू. माझी चूक झाली, सहीसुद्धा माझी होती. ती गोंधळली. ठेवू नका, थांबा, सरांना विचारते, असं काहीतरी म्हणाली आणि परत फोनवर आली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "सहीचं काय ते ऑफिसात येऊन लेखी द्या. ग्राहक मयत, अशी नोंद करते."

मी मावशीकडे पाहिलं. ती बल्बकडे बघत होती.

"कर म्हनावं," ती म्हणाली.

मी तसं सांगितलं. फोन ठेवल्यावर मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. तिने मला रडू दिलं. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पदराने चेहरा पुसला आणि फळीजवळ गेली. मिक्सरच्या, इस्त्र्यांच्या, पंख्याच्या चिठ्ठ्या तिने एकेक करून सोडल्या आणि कनवटीला खोचल्या. एका इस्त्रीची मात्र सोडली नाही, 'झाली' लिहिलेली.